तीस फुटांवर काय लागलं

दुकानात बसून बसून मला एक खोड लागली आहे. समोरचा जे बोलतो त्यातून आधी वटाव कापायचा. शेषेरावांच्या बोलण्याला दोन टक्के, महादेवप्पांच्या बोलण्याला पूर्ण शंभर. कारण उदगीरकडच्या आमच्या गावात चौदा विहिरी. तेरांमध्ये, महादेवप्पांच्या बांधाला लागून असलेल्या शेषेरावांच्या विहिरीतही, तीस फुटांवर तांबडा खडक लागलेला. म्हातारे महादेवप्पा, आमचे आप्पा, एकटेच म्हणत, "माज्यात काळा व्हता." त्यांची विहीर कधीच बुजवलेली. दाखवायचं काय? गाव त्यांना थापाड्या म्हणून मोकळं झालं.

नांदेडहून ऋतुजाताई आल्या, भूगर्भशास्त्र शिकवतात. चौदा ठिकाणचा खडक लिहून घेऊन विहिरींच्या मधल्या जमिनीखाली काय असेल, ते संगणकावर काढणार होत्या. मी सल्ला दिला, "ताई, तेराच धरा. आप्पांचं खोडा."

"मंग माजं नावच खोड की, शिवमूर्ती," आप्पा म्हणाले.

ताईंनी खोडलं नाही.

नकाशा आला. गावभर तांबडा, फक्त आप्पा आणि शेषेराव यांच्या बांधावर राखाडी डाग.

"इथं शाई संपली का?" मी विचारलं.

"नाही हो. इथं तांबडा की काळा, निम्मी-निम्मी शक्यता. माहीत नाही, असं सांगून राहिलाय तो."

सरपंचापासून माझ्यापर्यंत, आमच्या गावात 'माहीत नाही' म्हणालेलं कुणी मला आठवेना.

ग्रामपंचायतीची नवी विहीर नेमकी त्याच बांधावर होती. खोदाई सुरू झाल्यापासून आप्पा रोज काठावर. शेषेराव विचारायचे, "आप्पा, काळं न्हाई निघालं तर डांबर ओतू का?"

तीस फुटांवर काम थांबलं. गड्यांनी हाका मारल्या, ताई आणि मी उतरलो; शेषेराव काठावरच थांबले.

पूर्वेची भिंत तांबडी, भाजल्या विटेसारखी. पश्चिमेची काळी कुळकुळीत. मधे तिरपी रेघ, बोटानं दाखवता येईल इतकी स्पष्ट.

"कोट्यवधी वर्षांपूर्वी वितळलेल्या काळ्या दगडाचा तापलेला रस या तांबड्या मातीवरून वाहत आला," ताई हळूच म्हणाल्या, "आणि इथं थांबला."

इथं. माझ्या पायाशी. मला चपला घालून उभं राहायची लाज वाटली. काढून हातात घेतल्या.

माती वर काढायच्या यारीच्या पाटीत बसवून आप्पांना खाली सोडलं. त्यांनी काळ्या दगडाला तळहात लावला, बराच वेळ काढला नाही. आता हे आम्हाला झोडपणार, असं वाटलं. ते वळले, तांबड्या भिंतीवरूनही हात फिरवला आणि वर बघून ओरडले,

"शेष्या, खाली ये! तू बी खरंच बोलत व्हतास की रे!"