ईश्वरीच्या जागी कोण

आमच्या पुष्पीचं तोंड म्हणजे कैची. माझी धाकली जाऊ ती, पुष्पलता. तिच्या तोंडापायी भरबाजारात मले कित्येकदा मान खाली घालून उभं राहावं लागलं. पण आज कोणी मले म्हटलं ना, की मीराबाई, तुमची जाऊ जरा फटकळच आहे, तर मी त्याले पहिले बसाले पाट देते, चहा देते, अन् मंग ही गोष्ट ऐकवते. ऐकून झाल्यावर त्याले काय म्हणायचं ते त्यानं खुशाल म्हणावं.

आम्ही नागपुरातल्या इंदोऱ्याचे. माझे मालक अन् पुष्पीचे वामनराव, दोघं भाऊ मिलमध्ये. आम्ही दोघी जावा घरी मशीनवर परकर शिवत होतो. पुष्पीले एकुलता एक पोरगा, रविंद्र. त्याले सिकलचा आजार. म्हणजे रक्तातले गोल दाणे विळ्यासारखे वाकतात अन् अंगातलं रक्त कमी होत जाते, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. आमच्या वस्तीत हा आजार लय घरात आहे, पण तवा लोक म्हणत पोट्ट्याले नजर लागली. रक्त उतरलं की रविंद्र पांढराफटक पडे, गुडघे पोटाशी धरून कण्हत राहे. बाटलीभर रक्त चढवलं की चार दिवसांत पुन्हा पतंगामागं धावे. आता ज्या पोराचं असं आहे त्याचं रक्त निदान साधं तरी असावं. तर तेही नाही. ओ निगेटिव्ह. दवाखान्यात त्या गटाची बाटली असली तर नशीब, नाही तर बसा वाट पाहत.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात बाटली नव्हती. पोरगा सरकारी दवाखान्यात पडून, अन् आमचे सोयरे त्याले पाहाले येऊन राहिले.

आमच्याकडचं हे पाहाले येणं तुम्हाले माहीत असेल. कोणी दवाखान्यात पडलं की जाणं म्हणजे जाणंच. नाही गेलं तर जन्मभर ऐकून घ्या. सक्करदऱ्याहून मामेसासरे आले, कामठीहून नणंदा आल्या, मिलमधलं अर्धं खातं आलं. सगळ्यांच्या हाती संत्री. खाटेखाली संत्र्यांचा ढीग लागला अन् खाटेवरच्या पोरात रक्त नाही. अन् पुष्पीनं नुसतं विचारलं, रक्त कोणाचं जुळते ते पाहू का, की झालं. मामेसासऱ्यांले घरी म्हैस दिसे, नणंदेले चक्कर येई, मिलवाल्यांची पाळी बदले. ज्याले त्याले आपली चप्पल लगेच सापडे.

तिसऱ्या दिवशी पुष्पी वॉर्डाच्या दारातच आडवी उभी राहिली. बाजूले आमच्या गल्लीतला शालिकराम, तो तिथंच रक्ताच्या खात्यात काम करे. त्याच्या हाती सुई अन् काचपट्ट्या.

"पाहाले आले ना?" पुष्पी म्हणे. "मंग पहिले बोट टोचा. संत्री मंग."

"काहून वं असं करते? लोक काय म्हणतील?" मी तिच्या कानात म्हटलं.

"लोक म्हणून राहिले तवर पोरगा जाईल ना ताई."

अन् मंग बाप्पा, मामेसासऱ्यांलेबी सोडलं नाही तिनं. एवढा मिशाळ माणूस, डोळे मिटून बोट पुढं केलं. ज्यानं टोचून घेतलं नाही त्याले पोरगा पाहू दिला नाही. गावभर बोंब झाली, की वामनरावची बायको दारात सुई घेऊन बसते. पण बोंब झाली म्हणूनच लोक जास्त आले. हट्टानं आले. बोटं टोचून झाली, कित्येकांनी बाटल्या दिल्या, दुसऱ्या खाटांवरच्या कोणाकोणाले त्या कामी आल्या. रविंद्रचा गट मात्र एकाचाही निघाला नाही. ना आईचा, ना बापाचा, ना सोयऱ्यांतला, ना गल्लीतला.

मंग धरमपेठेतल्या त्या डॉक्टरीणबाईनं आम्हाले बाजूले घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या लोकांत हा गट फार कमी सापडतो. पंजाबी, सिंधी लोकांत त्या मानानं जास्त असतो. जरा दुसऱ्या वस्त्यांत पाहा."

सिंधी तर आमच्या रस्त्यापलीकडेच. अल्याड इंदोरा, पल्याड जरीपटका. तिकडच्या दुकानांचे परकर आम्ही शिवायचो, पण कापड आणणं अन् माल देणं, याच्यापुढं ओळख नाही. त्यांच्या घरात कधी पाय टाकला नाही आम्ही, अन् त्यांनी आमच्या. अन् पुष्पी उठली ती सरळ निघाली लधासेठच्या दुकानाकडं. मी तर कपाळाले हात लावला. जरीपटक्यात एवढी दुकानं, अन् हिले तेच सापडलं.

या लधासेठनं मागल्या साली पुष्पीचे परकर वापस फेकले होते. म्हणे, खालची पट्टी तिरपी आली. पुष्पी म्हणे, कपडाच कमी दिला तर पट्टी सरळ कोठून येईल, चोर आहे तू. भरबाजारात म्हटलं तिनं, आजूबाजूचे दुकानदार गोळा झाले तवर म्हटलं. तवापासून ती त्याच्या दुकानावरून तोंड फिरवून जाई.

"दुसरं कोणाकडं जाऊ ना वं," मी म्हटलं.

"त्याच्या घरी भाऊ लय आहेत. भावजया, पोरं, सारे एका छताखाली. एका जागी तेवढी माणसं आखीन कुठी सापडतील?"

लधासेठ गादीवर बसला होता. आम्हाले पाहून त्यानं गजपट्टी बाजूले ठेवली. पुष्पीनं रामराम नाही, नमस्कार नाही, सरळ सांगितलं की पोरगा दवाखान्यात आहे, असं असं रक्त पाहिजे, तुमच्या घरच्यांची बोटं टोचून पाहायची आहेत.

सेठ म्हणे, "बाई, तूने मेरे को चोर बोला था. पूरे बाजार में बोला था."

"बोलली होती. अन् आजबी बोलते. पण रक्त चोराचंबी चालते."

मले वाटलं आता हा माणूस आमच्या अंगावर गजपट्टी टाकते. पण त्यानं विचारलं, "लडका कितना बडा है?" अन् पुष्पीनं हात छातीपर्यंत धरून दाखवला. सेठनं त्या हाताकडं पाह्यलं अन् म्हणे, "कल भेज दो सुईवाले को."

दुसऱ्या दिवशी शालिकराम त्यांच्या अंगणात गेला. भाऊ झाले, भावजया झाल्या, पोरं झाली. अन् गट जुळला तो नेमका सेठच्या लेकीचा, ईश्वरीचा. उपवर पोरगी, उल्हासनगरच्या घरात तिची सोयरीक ठरलेली, लग्न दिवाळीनंतर.

सेठाणीनं पोरीले मागं ओढलं. तिले कोणी सांगितलं होतं की हाडात सुई घालून आतला मगज काढतात, अन् मंग ते हाड कधी भरत नाही. पोरगी जन्माची अधू होईल, सासरच्यांले कळलं तर सोयरीक मोडेल. आता त्या माउलीचंबी काय चुकलं सांगा. पुष्पी तिले एक वाकडा शब्द बोलली नाही, हे मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं म्हणून सांगते, नाही तर मलेच खरं वाटलं नसतं.

ती एवढंच म्हणाली, "माय, तू माझ्यासंगं चाल. काय करतात ते तुझ्या डोळ्यानं पाहा."

सेठाणीले रिक्षात बसवून तिनं दवाखान्यात नेलं. स्वतः खाटेवर आडवी झाली, बाही वर केली अन् रक्त दिलं. तिचं रक्त रविंद्रच्या कामाचं नव्हतं. कोणा अनोळखी बाळंतिणीले ते जाणार होतं. सेठाणी बाजूले स्टुलावर बसून सुई कुठं जाते ते निरखून पाहत होती. हाडाले काही झालं नाही हे तिनं दोनदा चाचपून पाह्यलं.

तिथून उठून चहा पेऊन पुष्पी सरळ लधासेठच्या दुकानात आली. म्हणे, "ईश्वरीच्या लग्नाचा परकर कापला असंन ना, तो द्या इकडं. रक्त देऊन हात अधू झाला का ते पाहा." मी म्हटलं घरी चाल, जरा पड. ऐकेल तर ती पुष्पी कशाची. दुकानातल्या मशीनवर बसली, सेठ पाहून राहिला, सेठाणी पाहून राहिली, ईश्वरी दाराआडून पाहून राहिली, अन् हिनं पाय चालवला. सबंध घेराची पट्टी एका दमात शिवली अन् परकर सेठच्या अंगावर टाकला.

सेठनं पट्टी बोटांवरून सरकवत सरकवत सगळा घेर पाह्यला. मंग म्हणे, "आज सीधा है."

"कपडा पुरा होता म्हणून."

हसली ती ईश्वरी. दाराआडून फसकन हसली अन् बाहेर येऊन आईले म्हणाली, "मम्मी, मैं जाती हूँ." सेठाणीनं पोरीची चप्पल तिच्या पायाशी आणून ठेवली.

त्या संध्याकाळी रविंद्रले ईश्वरीचं रक्त चढलं. थेंब थेंब पडत होतं अन् पुष्पी त्या नळीकडं पाहत बसली होती. पोराच्या ओठाले रंग आला तवा ती पहिल्यांदा रडली, पदर तोंडात कोंबून. मी पाठीवरून हात फिरवला.

मंग दसऱ्याच्या आसपास पोराचं रक्त पुन्हा उतरलं. निरोप गेला अन् ईश्वरी आली, हातात संत्री अन् तोंडावर हसू. "मौसी, मेरी उंगली टोचने की जरूरत नहीं ना? सीधा अंदर जाऊँ?" रविंद्रसंगं ती सापशिडी खेळे अन् उघड उघड लबाडी करे.

इकडं लग्न जवळ येऊन राहिलं होतं. ईश्वरीचे सगळे कपडे पुष्पीच शिवे, दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हती. एक दिवस काजं करता करता थांबली अन् म्हणाली, "ताई, ही पोरगी उल्हासनगरले गेली की माझ्या पोराचं कोण? मी तिच्या लग्नाचे कपडे शिवून राहिली अन् मनात म्हणून राहिली की लग्न लांबू दे. कशी बाई आहे मी?"

"आई आहे," मी म्हटलं. तिनं पुन्हा सुई हाती घेतली.

माप पाहाले ईश्वरी आली तवा तिनंच विचारलं. "मौसी, मैं चली गई तो रविंद्र को कौन देगा?" पुष्पीच्या दातांत टाचण्या होत्या. तिनं खाली वाकून घेराले आखीन एक टाचणी लावली. पोरगी समजायचं ते समजली.

पुढचं आम्हाले मागाहून कळलं. तिनं घरी बापाले सांगितलं, मेरी जगह पे आदमी दो, नहीं तो मैं नहीं जाती. दुकानातला नोकर सुटीवर गेला तर तुम्ही बदली ठेवता ना, मंग माझी बदली द्या. सेठ चिडला, ओरडला, जेवला नाही. पोरगी बापावरच गेली होती, तिचंही ताट तसंच राहिलं.

लग्नाच्या दिवशी आम्ही दोघी नटूनथटून धर्मशाळेत गेलो अन् दारातच थबकलो. सरबताच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल, अन् त्याच्यावर आमचा शालिकराम सुई घेऊन बसलेला. बाजूले लधासेठ, नवा कोट घालून, घामानं भिजलेला. येईल त्याले तो म्हणे, "शरबत बाद में. पहले उंगली."

पुष्पीनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

रायपूरचे पाहुणे झाले, अमरावतीचे झाले, जरीपटक्यातले तर सारेच. लाडू वळणारा मारवाडी महाराज झाला. फोटो काढाले आलेले घोषबाबू कॅमेरा गळ्यात ठेवूनच टोचून गेले. मोमिनपुऱ्याहून आलेल्या बँडवाल्यांनी वाजवणं थांबवून रांग लावली. मंग उल्हासनगरची बारात आली, अन् नवरदेवाच्या बापानं विचारलं, हे काय चाललं आहे? सेठचं तोंड उतरलं. पोरीनं रक्त दिलं हे आता सांगावं लागणार होतं, अन् सोयरीक त्याच्यावरच अडकली होती.

सेठच्या आधी ईश्वरीच बोलली. नवरीच्या कपड्यात पुढं येऊन तिनं सासऱ्याले सगळं सांगितलं, रविंद्र, दवाखाना, दोनदा दिलेलं रक्त. म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाह्यलं, पुष्पीकडं पाह्यलं. मंग खुर्ची ओढून शालिकरामसमोर बसला अन् म्हणाला, "मेरी भी देखो. और दूल्हे की भी." सेठनं तिथंच कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं.

वरात निघायच्या आधी शालिकराम उठून आला. नागपुरातले दोघं जुळले होते. एक सेठाणीचा भाचा, जरीपटक्यातलाच. दुसरा बँडमधला तुतारीवाला, मोमिनपुऱ्याचा. दोघंही तिथंच उभे होते, अन् दोघांनीही पुष्पीले आपला पत्ता तोंडपाठ कराले लावला.

रविंद्र आता कॉलेजात जाते. तुतारीवाले चाचा अजूनही येतात. पण गोष्ट त्या दिवसाची सांगून राहिली मी.

ईश्वरी निघाली. आईच्या गळ्यात पडून रडली, मंग पुष्पीच्या गळ्यात पडून. रविंद्र तिचा पदर सोडेना. गाडी गेल्यावर लधासेठ आमच्याजवळ आला. डोळे लाल, पण ऐट तशीच.

"एक गई, दो दिए. अब बोल बाई, चोर कौन?"

पुष्पीनं पदरानं डोळे पुसले.

"चोरच आहे तू, सेठ. माझ्या पोराची बहीण उल्हासनगरले देऊन टाकली."

सेठ हसाले गेला, पण त्याले ते जमलं नाही. तिथंच पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला, अन् पुष्पी त्याच्या बाजूले बसून राहिली.