चहा गार होतोय

सोलापूरच्या ‘लोकनाद’ या सरकारी रेडिओ केंद्रात यशवंतरावांनी एकतीस वर्षं लोकांचं बोलणं कापलं. खोकले कापले, ढेकर कापले, एका पाहुण्यांचं तर निम्मं भाषण कापून त्यांना उत्तम वक्ता केलं. निवृत्तीला महिना उरला आणि वरून हुकूम आला : जाहीर सभांचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं वेबसाइटवर टाका. बातमी काय ती नागरिकच शोधतील.

“नागरिक पत्रकार झाले. मग आपण कोण?” त्यांनी केंद्रप्रमुख शुभदाबाईंना विचारलं.

“पोस्टमन.”

तीनच दिवसांत धम्मप्रिया शिवशरण केंद्रात येऊन उभी राहिली. दवाखान्यात नर्स, ड्युटी संपवून थेट आलेली.

“काका, मंगळवारच्या सभेचं अजून टाकलं नाही तुम्ही. मी उभी राहून विचारलं, तेव्हा पाण्याचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, सोमवारपासून तुमच्या गल्लीला दिवसाआड पाणी. आता म्हणतात, मी असं बोललोच नाही. सहाव्या दिवशी येतंय हो आमच्याकडं! तेवढं एक वाक्य पाहिजे.”

“बघतो,” यशवंतराव म्हणाले आणि टेबलावरचे कागद उगीच सारखे केले.

बघायचं काही नव्हतं. त्यांनी ते चारदा ऐकलं होतं.

त्यांची जुनी शिस्त अशी, की सत्कार सगळे रेकॉर्डिंगमध्ये घ्यायचे आणि प्रश्न सुरू झाले की मशीन बंद. टॉवेल-टोपी घेताना नाव राहिलं तर माणूस केंद्रावर चालून येतो. आश्वासन राहिलं म्हणून आजवर एकही पुढारी तक्रार घेऊन आला नव्हता. पण मंगळवारी प्रश्न आणि चहा एकदमच आले. एका हातात कप, दुसऱ्यात भजी. बटण दाबायला तिसरा हात नव्हता.

साहेबांचं वाक्य स्वच्छ आलं होतं. त्याच्याही आधी, माइकला चिकटून, यशवंतरावांचं : “बसा की बाई खाली! लई झालं पाणी-पाणी. हितं चहा गार होतोय.” मग एक लांबलचक भुरका.

“नऊ सेकंद कापतो फक्त,” ते शुभदाबाईंना म्हणाले.

“एक कापलात तरी साहेब म्हणतील, रेकॉर्डिंगमध्ये कापाकापी आहे. त्या पोरीच्या हाती काय राहील?”

“आणि माझ्या हाती?”

“कप.”

यशवंतरावांनी डोळे मिटून अपलोडचं बटण दाबलं.

धम्मप्रियानं साहेबांचं वाक्य, आधीच्या भुरक्यासकट, गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते सगळ्या शहरात फिरलं. सोमवारी नळाला पाणी आलं. आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं साहेबांनी सांगितलं आणि लोक त्यांना विसरलेही. यशवंतरावांना मात्र कुणी विसरेना. भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी देताना भुरका मारून दाखवायची.

शेवटी ते माफी मागायला धम्मप्रियाच्या घरी गेले. दारातली पिंपं काठोकाठ भरलेली. तिनं बसायला खुर्ची दिली, पुढ्यात कप ठेवला.

“ताई, त्या दिवशी मी जे...”

“आधी चहा घ्या, काका,” धम्मप्रिया म्हणाली. “माफी गार झाली तरी चालते.”