चूलबंद आवतणाचा पिक्चर

पिक्चर कशामुळं चालतो, हे मला विचारू नका. कशामुळं पडतो, ते मात्र मान खाली घालून सांगतो.

मी कल्याण, हसनाबादचा. आमच्या पिक्चरचा हिरो मी, डायरेक्टर मी, प्रोड्युसर बी मीच. हिरोईन तेवढी बाहेरून आणली, कारण आमची बायको शीतल म्हनली, "मला लाज हाय."

जालन्यातले टाकीजवाले श्रेणिकभाऊ सरळ बोलले, "शुक्रवारी बाराचा शो देतो. हाऊसफुल्ल झाला तर हप्ताभर ठेवीन. खुर्च्या खाली दिसल्या तर तीनला तुमचं पोस्टर उतरणार. बुरा मानू नका."

मी ऑटोवर भोंगा फिरवला, रील टाकल्या. गावात जो तो म्हने, "मोबाईलवर आल्यावर बघू की!" तिकीट फुकट देतो म्हनलो, तर म्हने, "मंग नक्कीच भंगार असंल."

मंग माझ्या डोक्यात कडूबा आबा आले.

गावातली आवतणं चाळीस वर्षांपासून आबाच देतात. दारात उभं राहून त्यांनी "चूलबंद" म्हनलं, की त्या घरात चूल पेटत न्हाई. लहानमोठे सगळे जेवायला. आबांच्या शब्दावर गेलेला एकबी माणूस आजवर उपाशी परत आला न्हाई, आन आबांची सगळी इज्जत एवढीच.

"आबा, शुक्रवारी बाराला जालन्याला सगळ्या गावाला आवतण द्या. टाकीजवर. गाड्या माझ्या."

"साधं का चूलबंद?"

हितं मी खरं बोलायला पाहिजे होतं. मी म्हनलो, "चूलबंद."

"मागं शूटिंगला बुंदी झकास होती रे," असं म्हनत आबा उठले आन पायात चपला घालून निघाले. मी त्यांना माघारी हाक मारली न्हाई. घसा बिलकुल चांगला होता.

शुक्रवारी अकरा जीप आन दोन टेम्पो भरून गाव उतरलं. हरेकाच्या हातात ताट आन तांब्या. झुंबरबाई शेजारच्याच घरातली. तिनं सात नातवंडं आणल्ती, आन सकाळपासून एकाच्याबी पोटात चहा जाऊ दिला न्हव्हता. श्रेणिकभाऊंनी हाऊसफुल्लचा बोर्ड सोताच्या हातानं लावला. बोर्डावरची धूळ पुसायलाच पाच मिनिटं गेली. मला तर रडू आलं.

पिक्चर सुरू झाला. मी चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारून एन्ट्री केली. एक शिट्टी न्हाई. सगळ्यांच्या माना मागं, कारण कॅन्टीनमधून समोसे तळल्याचा वास येऊन राह्यल्ता.

तेवढ्यात लग्नाच्या पंगतीचा सीन लागला. सात मिनिटांची पंगत, निम्मी स्लो मोशनमधी. द्रोणात बुंदीचा एकेक दाणा पडून राह्यला. आन जेवणारे कोण? हेच. शूटिंगला जेवलेलं गाव उपाशी पोटी सोताला जेवताना बघून राह्यलं.

"शिवाजी, बघ, तिसऱ्यांदा वाढून घेतोय तू!"

"घेतलं ते बरं झालं. आज तर पहिल्यांदाबी कोणी वाढंना."

झुंबरबाई अंधारात उभी राह्यली. "कल्याण! आरं पडद्यावरच्यांना वाढलं, आता खालच्यांना वाढ!"

सगळं टाकीज हसलं. पूर्ण पिक्चरमधी लोक एवढे एकदाच हसले. ते बी माझ्या डायलॉगवर न्हाई.

इंटरवलला लाइटी लागल्या. गाव उठलं, बाहेर पार्किंगमधी गेलं आन मोटारसायकलींच्या मधून बराबर चार रांगा करून मांडी घालून बसलं. पुढं ताट, बाजूला तांब्या. आबा रिवाजाप्रमाणं रांगेच्या टोकाला उभे.

"कल्याण, वाढपी कुठं हायत?"

"आबा... जेवण न्हाई."

"म्हंजे उशीर हाय?"

"न्हाईच हाय."

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, हात जोडले, आन आवतण द्यायच्या त्याच आवाजात हरेक रांगेपुढं जाऊन म्हनले, "माझ्याकडून चूक झाली. उठा." माझं नाव चारी रांगांत एकदाबी घेतलं न्हाई. मी पॉपकॉर्नच्या मशीनमागं उभा होतो. मशीन काचेची होती. मी सगळ्यांना दिसत होतो.

लोक उठले ते कॅन्टीनवर. इंटरवलनंतर आत नऊ जण. त्यातले सहा झोपलेले.

संध्याकाळपर्यंत तालुकाभर एकच फोन. "पिक्चर कसा हाय?" "उपाशी ठेवलं." पोस्टर बराबर तीनला उतरलं. श्रेणिकभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कल्याणभाऊ, पिक्चर पडला. पण एवढे समोसे कुठल्याच स्टारनं खपवले न्हाईत. दुसरा पार्ट जरूर काढा."

दुसऱ्या दिवशी मी आबांकडं गेलो. "आबा, चूक माझी हाय, मी सांगतो गावाला."

"काय सांगशील? लोकांनी चूल माझ्या तोंडाकडं बघून विझवली. तुझ्या तोंडाकडं बघून कोणी तिकीट बी घेतलं न्हाई."

मागच्या आठवड्यात शिवाजीच्या पोरीचं लग्न होतं. आबा आवतण देत आमच्या गल्लीत आले. झुंबरबाईच्या दारात "चूलबंद" म्हनले, तर ती म्हनली, "आबा, जेवण हाय ना?" चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं न्हव्हतं. आबा म्हनले, "हाय. किराणा उतरवलेला मी सोता बघून आलो."

मंग ते आमच्या दारात आले. माझ्याकडं न बघता शीतलला म्हनले, "चूलबंद. जेवण हाय." तिनं न विचारता.

लग्नात मी पंगतीला बसलो न्हाई. बुंदीची बादली उचलली. झुंबरबाईनं द्रोण पुढं केला. "वाढ. पिक्चरवानी हळूहळू नको."

रांगेच्या टोकाला आबा उभे होते. मी जवळून जायला लागलो, तर त्यांनी मला हातानं थांबवलं, वाकले, आन बादलीत खरंच बुंदी हाय का ते बघितलं.