फाईलवरचं नाव

कुपवाडच्या त्या पंपांच्या कारखान्यात कागदपत्रं सांभाळायचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि निवडीचं काम क्रांतीच्या गळ्यात पडलं. दोन कंपन्या येऊन डेमो देऊन गेल्या. डेमो म्हणजे मुलगी दाखवायचाच कार्यक्रम, त्यात खोट कोण दाखवतंय? म्हणून क्रांतीने दोन्हींत ड्रॉइंगच्या फाईली भरल्या आणि महिनाभर कामगारांच्या हातात दिल्या.

खोट दोन्हींत निघाली. पहिल्यात, कामावर नसलेल्या माणसाचं खातं नियमाप्रमाणे बंद केलं, की त्याच्या प्रत्येक फाईलवर नावाऐवजी 'माजी कर्मचारी' एवढंच उरायचं. दुसऱ्यात नावं जशीच्या तशी राहायची. पण नेट गेलं की ते कधीकधी ड्रॉइंगची जुनी प्रत उघडायचं, आणि जुनी आहे हे सांगायचंही नाही.

कारखान्यातली निम्मी ड्रॉइंग वीरधवलची होती. वीरधवल म्हणजे क्रांतीचा नवरा. आटपाडीहून परतताना अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली. रोज सकाळी फाईल उघडली की वर त्याचं नाव दिसायचं. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

मालकीण संयोगिताताईंच्या हे ध्यानात आलं होतं. "दुसरं घे, क्रांती. तुला कुणी जाब विचारणार नाही," त्या म्हणाल्या.

तिथेच तर पंचाईत झाली. कुणी नको म्हणालं असतं, तर तिला भांडता तरी आलं असतं.

दुपारी नेट गेलं. मशीन शॉपमध्ये सोपान लेथवर शाफ्ट चढवत होता. समोरच्या टॅबवर दुसरं सॉफ्टवेअर उघडं होतं. क्रांतीची नजर मापावर गेली.

"थांबा भावजी! हे जुनं माप आहे."

"आवं वैनी, ह्यात तर हेच दावतंय." सोपानने मशीन बंद केलं. तो वीरधवलच्या गावचा, त्याचा जिवलग. तो म्हणाला, "वीरधवल नवं ड्रॉइंग आलं की जुनं आमच्या म्होरं फाडायचा. म्हनायचा, ह्ये ऱ्हायलं तर कवातरी कुनाचा तरी हात जाईल."

क्रांती टेबलाशी परतली आणि अहवालात पहिल्या सॉफ्टवेअरचं नाव लिहून मोकळी झाली.

मग वीरधवलचं खातं बंद करायला घेतलं. खात्री म्हणून सॉफ्टवेअरने त्या माणसाचं पूर्ण नाव टाईप करायला सांगितलं. लग्नात नाव घे, नाव घे म्हणून बायकांनी तिचा किती पिच्छा पुरवला होता! तेव्हा लाजून ती नुसती पुटपुटली होती. आता तिने एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत टाईप केलं, आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सोपानने टॅब तिच्यापुढे धरला. "वैनी, त्याचं नाव दिसंना झालंय."

"माप बघा, भावजी."

त्याने चष्मा वर करून नीट पाहिलं. "माप बरोबर हाय," तो म्हणाला, आणि क्रांतीला भर शॉपमध्ये रडू आवरेना.