अर्धी ओवी

इलाबाईंना ओवी घरात बसून येत नसे. चाक फिरलं की यायची.

लहानपणी आईच्या जात्याशी मांडीला मांडी लावून बसणारं लेकरू ते. दगड फिरला की आईच्या तोंडून ओवी सुटायची आणि पिठासारखी हिच्या कानात सांडायची. पुढे जातं गेलं, आई गेली, सिंदीचं माहेरही पांगलं. ओव्या राहिल्या, पण फिरण्याशी बांधलेल्या. स्वयंपाकघरात, देवापुढे, सेलूच्या ज्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं तिथल्या वर्गात, कुठेच एक ओळ आठवायची नाही. एसटीच्या खिडकीशी बसल्या, मागे शेतं पळायला लागली, की ओठ हलायचे. मधुकरराव थट्टा करायचे, "तुझ्या ओवीले डिझेल लागते बाई!"

थट्टेतले ते दिवस सरले. कंपवात आधी हातात आला आणि अक्षर घेऊन गेला, मग गळ्यात उतरला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आवाज बारीक होत जाईल. व्यायाम देतो, पण..." परतताना मधुकररावांनी दोनशे पानी वही घेतली. मायच्या ओव्या इलानं सांगायच्या आणि आपण उतरवायच्या. आयुष्यभर त्यांनी विज्ञान शिकवलं होतं, ओवी त्यांच्या प्रांतातली नव्हती. पण वहीवर त्यांनी इलाचं नाव घातलं.

अडचण एकच होती. त्यांची चौदा वर्षांची डिझेल गाडी. वर्ध्याच्या नालवाडीतल्या घरातून निघाली की तिची धडधड अशी, की शेजारच्या सीटवर इलाबाई काहीतरी म्हणत आहेत एवढं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करून पाहिलं. घरी येऊन लावलं तर अर्धा तास नुसतं इंजिन. शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं तर परक्या माणसापुढे इलाबाईंनी तोंडच उघडलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी कोणीतरी सांगितलं, हायब्रिड घ्या. हळू चालवली तर बॅटरीवर चालते, सावलीसारखी. नुसत्या विजेच्या गाडीची त्यांना धास्ती होती, बिमार माणूस घेऊन वाटेत चार्जिंग कुठे शोधत बसायचं? म्हणून दोघं नागपूर रोडवरच्या शोरूमला गेले. तिथं जागृती नावाची पोरगी पुढे आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि बोलण्यात घाई.

"सर, आधी टेस्ट ड्राइव्ह घ्या. पवनारच्या पुलापर्यंत जाऊन वापस."

मधुकररावांनी चावी नसलेल्या त्या गाडीचं बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"चालू नाई झाली?"

"झाली ना सर. चालूच हाये."

गाडी पाण्यावरून पान सरकावं तशी सरकली. मागे जागृती फोनवर कोणाला तरी कागदपत्रं समजावत होती. पुलावरून वळून परत निघाले, धाम नदीचं खडकाळ पात्र मागे पडलं, आणि मधुकररावांच्या उजव्या हाताला... नाही, डाव्या. इतकी वर्षं डाव्याच हाताला बसलेल्या बाईचा आवाज त्यांना क्षणभर कुठून आला तेच कळेना.

*सेलूच्या वाटेनं बाई, कापसाचं बोंड फुटलं...*

बारीक, थरथरता, पण शब्दन् शब्द सुटा. गाडी शोरूमच्या फाटकात शिरली आणि थांबली.

"पुढची ओळ?"

इलाबाई कसनुसं हसल्या. "चाक थांबलं न."

त्याच दुपारी त्यांनी गाडी बुक केली. वहीच्या पहिल्या पानावर ती एक ओळ लिहिली आणि खाली जागा सोडली.

मग सुरू झाली वाट. जागृतीनं आठ आठवडे सांगितले होते. आठाचे दहा झाले. कधी म्हणे पांढरा रंग बंद झाला, करडा चालेल का. कधी म्हणे विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल. कधी सीटकव्हर, गालिचे, मागचा कॅमेरा अशी यादी पाठवून, हे घेतलं तर गाडी लवकर मिळेल. मधुकरराव सगळ्याला हो म्हणत गेले. फोन केला की एकच उत्तर, "सर, तुमची गाडी पाइपलाइनमध्ये आहे."

"पाइपलाइनमधी अडकली म्हणते," इलाबाई म्हणाल्या, "तर पलंबर पाठवा न मंग."

मधुकरराव हसले. हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं, की 'पलंबर' ऐकायला त्यांना पुढे वाकावं लागलं होतं.

गाडी आली, आणि आली ती नेमकी पितृपक्षाच्या तिसऱ्या दिवशी. फोनवर जागृतीचा आवाज खणखणीत होता. "सर, अभिनंदन! उद्या घेऊन जा."

मधुकररावांची थोरली बहीण रुख्माबाई तेव्हा तिच्या गावाहून श्राद्धाला आली होती. तिनं हातातलं पळीपंचपात्र खाली ठेवलं. "मधू, पितरायच्या दिवसात नवी गाडी दारात आणतं का कोणी? घरात बिमार माणूस हाये. डोकं फिरलं का तुयं?"

"बाई, हे सगळं मानण्यावर असते."

"तू नको मानू. तिच्यासाठी मान."

तो घाव बरोबर बसला. जन्मभर पोरांना ग्रहणात जेवायला लावणारा हा मास्तर. पण गाडीत बसणार होती इला. तिच्या जिवावर प्रयोग कसा करायचा? एरवी त्यांनी पंचांग कोनाड्यात फेकलं असतं. आता भीतीनं ते उघडलं.

इलाबाई पलंगावरून म्हणाल्या, "आणा न उद्याच. पितरं काय गाडीखाली येऊन राह्यले? मायच तर हाये तिथं. तिले आवडन."

"वीस-बावीस दिवसांचा तर प्रश्न आहे," मधुकरराव म्हणाले. "दसऱ्याले आणू. हार घालून, नारळ फोडून. तू नवं लुगडं नेसजो."

इलाबाई भिंतीकडे वळल्या.

शोरूमचा मॅनेजर नीरज फोनवर फार गोड बोलला. "सर, आपलेच लोक आहात. गाडी बाजूला काढून ठेवतो. बिलकुल टेन्शन घेऊ नका." मधुकररावांनी ते कागदावर मागितलं नाही. शब्द दिला, शब्द घेतला. त्यांच्या पिढीचं काम तसंच चालत आलं होतं.

दसऱ्याला शोरूम लग्नमंडपासारखं सजलं होतं. दारात ढोलताशे, आत स्पीकरवर गाणी, गाड्यांवर लाल कापडं, आणि प्रत्येक गाडीपुढे फोटो काढणारं एकेक कुटुंब. इलाबाई मोरपंखी लुगड्यात, मधुकररावांच्या दंडाला धरून. त्यांच्या हातात झेंडूचा हार आणि पिशवीत नारळ. एक तास बसले. दोन तास बसले. जागृती तीनदा समोरून गेली आणि तिन्ही वेळा तिनं मान खाली घातली. शेवटी नीरज आला.

"सर, थोडा इश्यू झालाय. तुम्ही तेव्हा डिलिव्हरी घेतली नाही, म्हणून सिस्टीमनं ती गाडी पुढच्या ग्राहकाला टाकली."

"सिस्टीमनं?"

"वरून होते सर. आपल्या हातात नसते."

"तुम्ही बाजूला ठेवतो म्हणाले होते."

"ठेवलीच होती सर. पण... जानेवारीत पक्की देतो. नाहीतर पेट्रोल मॉडेल आजच तयार आहे. तेच मॉडेल, तोच रंग. दोन किलोमीटर कमी ॲव्हरेज देईल, एवढाच फरक. हायब्रिडच काऊन पाहिजे सर तुम्हाला?"

मधुकररावांनी आयुष्यात वर्गाबाहेर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय बोलले ते त्यांनाही नंतर आठवेना. लोक वळून बघू लागले, कोणीतरी मोबाइल उचलला. तेवढ्यात त्यांच्या दंडावरची बोटं घट्ट झाली. इलाबाई काहीतरी सांगत होत्या. ओठ हलत होते. बाहेर ढोल वाजत होता, आत गाणं वाजत होतं. मधुकररावांनी कान त्यांच्या तोंडाशी नेला. तरीही काही ऐकू आलं नाही.

हार तिथंच खुर्चीवर राहिला. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "तिथं काय म्हणत होतीस?"

इलाबाईंनी खूप जोर लावून सांगितलं, "घरी चला म्हटलं."

त्यानंतर आवाज उतरणीला लागला. दिवाळीपर्यंत तो कुजबुजीवर आला. तीन आठवड्यांनी नागपूरची वारी व्हायची. डिझेल गाडीत त्यांचे ओठ आधी हलायचे, नंतर हलेनासे झाले. एका परतीच्या वाटेवर मधुकररावांनी सेलूजवळ गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "आता सांग."

इलाबाईंनी डोळे मिटले. "येत नाई हो," त्या पुटपुटल्या. "सुपाची एक होती. मायची लाडकी. आता गेली ती."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मधुकरराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. वीस-बावीस दिवस, असं ते म्हणाले होते. त्या दिवसांत गाडी दारात आली असती तर सुपाची ओवी वहीत असती. दोष सिस्टीमचा होता, नीरजचा होता. पण पंचांग उघडणारा हात त्यांचा होता.

कार्तिकात ते बुकिंग रद्द करायला गेले. बरोबर इलाबाई. आता त्यांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. शोरूम सुनसान होतं. जागृतीनं अर्ज पुढे केला, कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं काय लिहू सर?"

मधुकररावांनी पेन घेतलं आणि परत ठेवलं. "पोरी, एक टेस्ट ड्राइव्ह देशील?"

"सर, तुमची तर झालीये..." तिची नजर इलाबाईंकडे गेली. दसऱ्याच्या दिवशीचं मोरपंखी लुगडं बहुधा तिलाही विसरता आलं नसावं. तिनं अर्ज उलटा घातला. "चला काकू."

तीच गाडी, दारावर 'टेस्ट ड्राइव्ह' लिहिलेली. या वेळी जागृतीनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला. एसीचा पंखाही तिनंच बंद करायला सांगितला. पवनारच्या अलीकडे, फुंकर मारावी एवढ्या आवाजात, ओवी आली. ती नव्हे, दुसरीच.

*जातं फिरते गरगर, पीठ सांडे भुरभुर*
*लेक चालली सासरी, माझ्या जिवाले हुरहूर*

मधुकररावांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. मागच्या सीटवर जागृतीनं नाक ओढलं. ती म्हणाली, "माही आजी म्हणायची असं काही. आम्ही कोणी लिहून नाई ठेवलं."

फाटकात गाडी थांबली, तसे मधुकरराव म्हणाले, "हीच विका मले."

"ही? सर, ही डेमोची आहे. वर्षभर कोणी कोणी चालवलीये. दारावर ओरखडे हायेत."

"दिसले मले."

"नीरज सर म्हणतील मार्चनंतर. डेमोच्या गाड्या तेव्हाच विकतो आम्ही."

"तू त्यायले सांगून पाय. नाईतर मी सांगतो, दसऱ्यासारखं."

ती पहिल्यांदा हसली. आत गेली. काचेच्या खोलीत अर्धा तास तिचे हात हलताना दिसत होते. मॅनेजर आधी मान हलवत होता, नंतर नुसता ऐकत होता. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"होते सर. नंबर आधीच हाये, नावावर करायचे कागद मागून होतील. परवा देऊ शकतो. पण..." तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "परवा अमावास्या आहे. तुम्ही म्हणत असाल तर मंग दोन दिवसांनी..."

"परवाच," मधुकरराव म्हणाले.

अमावास्येच्या सकाळी ना हार होता ना नारळ. रुख्माबाईला त्यांनी कळवलंच नव्हतं. जागृतीनं दारावरची इंग्रजी अक्षरं खरडून काढली होती. पुसट ठसा राहिला होता, तो राहू दिला. "येजा सर," ती म्हणाली, आणि इलाबाईंच्या मांडीवरची शाल नीट केली. "काकू, येजा."

ते पवनारपर्यंत गेले. पूल ओलांडला. या वेळी वळायचं बंधन नव्हतं, म्हणून पुढे सेलूपर्यंत गेले. इलाबाई काचेतून बघत होत्या. वेचणीच्या बाया कमरेला ओटी बांधून पांढऱ्या रानात वाकल्या होत्या. काही आलं नाही. मधुकररावांनी विचारलंही नाही. सेलूहून परत फिरले, ऊन पाठीमागून येऊ लागलं, वर्धा जवळ आलं. मग डाव्या हाताला काहीतरी हललं. आवाज म्हणावा असं ते नव्हतं. श्वास होता, त्याला शब्दांचा आकार होता.

*सेलूच्या वाटेनं बाई, कापसाचं बोंड फुटलं*

मधुकररावांनी गाडी आणखी हळू केली. मागून कोणीतरी हॉर्न दिला आणि शिव्या घालत पुढे गेला.

*माझ्या मायचं गं हासू, साऱ्या रानात सांडलं*

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते पुसायला हात उचलला नाही, कारण हात उचलला तर चाक डळमळेल. नालवाडीचं वळण समोर दिसत होतं. घर होतं, टेबलावर वही होती, पहिल्या पानावर पाच महिने रिकामी ठेवलेली जागा होती. त्यांनी ब्रेककडे नेलेला पाय मागे घेतला.

"घर आलं हो," इलाबाई पुटपुटल्या.

"तू म्हण," ते म्हणाले. "मी ऐकून राह्यलो."

वळण मागे गेलं. चाक फिरत राहिलं.