फक्त प्रयोगासाठी

दुपारी फ्रीजरचा ड्रॉवर ओढला आणि काळजात धस्स झालं. एन्झाइमची एक कुपी जागेवर नव्हती.

माझ्या हातून वस्तू हरवत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत माझ्या तिरसटपणाची ख्यातीच आहे, माझ्या ड्रॉवरला हात लावायची कुणाची टाप नाही. सकाळपासून बाहेरचं माणूस एकच आलं होतं, माझी धाकटी बहीण. मी घरी विसरलेला डबा द्यायला आली, मी हात धुवायला गेले, तेवढ्यात निघूनही गेली.

धाकटीच्या लेकाच्या, आमच्या ढब्बूच्या, अंगात हेच एन्झाइम तयार होत नाही. त्यावरचं औषध कधी मिळेल ते कुणी सांगत नाही आणि पोरगं दिवसेंदिवस सुकत चाललंय. मीच तिला म्हटलं होतं, अगं, त्याला जे हवंय ते आमच्या फ्रीजरमध्ये पडून असतं. पुढचंही सांगितलं होतं, की ते जिवाणूंकडून बनवून घेतलेलं असतं, फक्त प्रयोगासाठी. त्यात त्या जिवाणूंची घाण राहते, ती रक्तात गेली तर माणूस जायचा. बाईसाहेबांनी पहिलं तेवढं ऐकलं.

फोन केला तर उचलेना. अंगातल्या ॲप्रनसकट तशीच घरी धावत सुटले. धाकटी दवाखान्यात नर्स आहे, इंजेक्शन देणं तिच्या हातचा मळ. त्याचीच मला भीती वाटत होती. दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढले.

दार नुसतं लोटलेलं होतं. ढब्बू पलंगावर बसून चित्र रंगवत होता. मी त्याच्या बाह्या वर सारल्या, मांड्या तपासल्या, पाठ पाहिली.

"मावशी, गुदगुल्या होतात," तो म्हणाला.

टोचल्याची खूण कुठेही नव्हती. जिवात जीव आला, आणि मग मात्र मी तापले.

"कुठे आहे ती बया?"

"आई स्वयंपाकघरात आहे. तिला थंडी वाजतेय."

धाकटी ओट्याशी जमिनीवर बसली होती, चादर गुंडाळून. दात कडकड वाजत होते. दंडावर कापूस चिकटवलेला होता.

"तू स्वतःला टोचून घेतलंस?"

"नवीन औषध टेस्ट केल्याशिवाय देत नाहीत, ताई. आमच्याकडे तशी पद्धतच आहे." तिचे ओठ निळे पडत चालले होते. "त्याच्यावर कशी टेस्ट करू?"

मी अँब्युलन्सला फोन लावला. पत्ता सांगताना माझी बोबडी वळली, पलीकडच्या माणसानं दोनदा विचारलं. तोवर धाकटीनं माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, आता रडेल, चुकले म्हणेल.

"अर्धी कुपी शिल्लक आहे. बर्फात ठेवलीय," ती म्हणाली. "मी संध्याकाळपर्यंत टिकले, तर त्याला देशील ना?"