एक मत जास्त

मतांची फेरमोजणी नेमकी हरणांच्या शिकारीच्या आठवड्यात आली. म्हणजे धडधाकट माणूस तेवढा केशरी जाकीट घालून रानात, आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात उरले कोण, तर वकील, बायका आणि गुडघे गेलेले म्हातारे. मार्लिस टोलेफ्सन सकाळी साडेआठपासून दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसून होती. तिच्या गावाची, स्कारची, मतपत्रिकांची पिशवी सगळ्यात शेवटी उघडणार होती. यादीप्रमाणे त्या पिशवीत तीनशे बारा मतपत्रिका निघायला हव्या होत्या. तीनशे तेरा निघणार, हे साऱ्या इमारतीत एकट्या मार्लिसला ठाऊक होतं.

एरवी एका कागदाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण या खेपेला आमदारकीच्या जागेवर डेब हॉगेन पुढे होती, आणि तीही एका मताने. बाकी सगळ्या गावांच्या पिशव्या उघडून झाल्या तरी ते एक मत जागचं हललं नव्हतं.

बाकासमोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत मतदारसंघाचे सगळे निकाल लावलेले होते, पार १९७२पासूनचे. मार्लिसला ते तोंडपाठ होते, तरी ती पुन्हा वाचत बसली, कारण डोळ्यांना काहीतरी काम हवं होतं. आधी एक लोणी-चीजवाला तीनदा निवडून आला. मग थोरला प्रूस अठरा वर्षं. मग एकदा शाळेतली एक बाई अकरा मतांनी आली आणि दोनच वर्षांत घरी गेली, कारण तिने कुत्र्यांवर कर बसवायची भाषा केली. आणि आता धाकटा प्रूस, रोलंड, चोवीस वर्षं बूड न हलवता बसलेला आणि यंदा हॉगेनसमोर उभा. त्यातही दर दहा वर्षांनी राजधानीतले शहाणे नकाशा पुढ्यात घेऊन हद्दी आखणार. एकदा हद्द नदीवरून गेली, एकदा हमरस्त्यावरून, आणि एकदा तर अशी, की स्कारचं चर्च एका मतदारसंघात आणि त्याची दफनभूमी दुसऱ्यात. मेलेल्यांचा आमदार आपल्यापेक्षा बरा आहे, असं लोक दहा वर्षं म्हणत होते. आपल्या तीनशे मतांनी कुणाचं काय अडतंय, हेही स्कारमध्ये लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले होते.

आता अडलं होतं.

झालं होतं ते असं. मार्लिस बावीस वर्षं स्कारच्या मतदान केंद्राची प्रमुख. नियमाला इतकी पक्की, की पोटच्या पोरीलाही ती मतदानाच्या दिवशी टेबलापलीकडून विचारायची, "नाव? पत्ता? ओळखपत्र?" गाव हसायचं. पण दोन वर्षांपूर्वी तिने ऑर्विल स्टेंझला ओळखपत्र नाही म्हणून परत पाठवलं, तेव्हा कुणी हसलं नाही. ऑर्विल तिच्याबरोबर शाळेत होता. पुढच्या बाकावर बसून त्याने तिच्या वेणीला शाई लावलेली. तो चौदा मैल घरी गेला, ओळखपत्र घेऊन परत आला, तोवर आठ वाजून केंद्र बंद झालं होतं. त्या हिवाळ्यात तो गेला. त्याची बहीण बर्निस तेव्हापासून मार्लिसशी एक शब्द बोलली नव्हती. आणि फेरमोजणीच्या तीन जणांच्या मंडळात ती बर्निस होती.

यंदा मतदानाच्या दिवशी दुपारी एक वाजता मार्लिसचा नवरा गेलन केंद्रावर आला, तो ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं मोठं भांडं घेऊन. सगळ्यांसाठी. बाकीच्या बायका भांडं गरम करायला आत गेल्या आणि टेबलावर मार्लिस एकटी राहिली. "आणलंस? बरं झालं, भुकेने जीव चालला होता," ती म्हणाली, आणि बोलता बोलता त्याच्या हातात मतपत्रिका दिली. घरात मीठ द्यावं तशी. नाव विचारलं नाही, सही घेतली नाही, यादीत आकडा टाकला नाही. एक्केचाळीस वर्षं रोज दिसणाऱ्या माणसाला कोण नाव विचारतं!

रात्री आकडे जुळेनात तेव्हा तिने वहीत लिहिलं, "यंत्रात कागद अडकला, एक मत दोनदा मोजलं गेलं असावं." तेव्हा तिला खरंच तसं वाटलं होतं. चौथ्या दिवशी ते भांडं घासताना तिच्या हातातून घासणी गळून पडली. तेव्हापासून दोन आठवडे धड झोप नव्हती. गेलनला सांगायची सोय नव्हती. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, संध्याकाळपर्यंत गावच्या अख्ख्या दारूच्या गुत्त्याला कळलं असतं. एकच गोष्ट तो कधी कुणाला सांगत नसे, बायकोलासुद्धा, ती म्हणजे मत कुणाला दिलं.

"स्कार!" आतून हाक आली.

निवडणुकीचं काम बघणाऱ्या काउंटी क्लार्क ड्वेनने पिशवीचं सील कापलं. मोजणाऱ्यांनी पन्नास-पन्नासचे गठ्ठे केले. शेवटच्या गठ्ठ्यात बारा यायला हवे होते.

"तेरा," ड्वेन म्हणाला. "पुन्हा मोजा."

पुन्हा तेराच. दोन्ही बाजूचे वकील खुर्च्यांवरून पुढे सरकले.

"मागे केंद्रप्रमुखाची सही नसलेली एखादी आहे का बघा," ड्वेन म्हणाला. " असेल तर तीच बाद करू, विषय संपला."

सगळ्या मतपत्रिकांवर सह्या होत्या. मार्लिसने मतदानाच्या सकाळीच अख्खा गठ्ठा सह्या करून ठेवला होता. तिचा काटेकोरपणाच तिच्या मुळावर आला.

"मार्लिस, यंत्रात कागद अडकला असं तुम्ही लिहिलंय," ड्वेन म्हणाला. "पण इथे तर तेरावा कागद खराखुरा आहे. काही सांगता येईल?"

मार्लिस टेबलाजवळ आली. "एकाची नोंद राहिली यादीत. माझ्या हातून. गेलनची."

खोलीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुमच्या गेलनची?" ड्वेनचा चेहरा उजळला. "अहो, मग सोपं आहे! तो इथला मतदार, तुम्ही त्याला ओळखता. त्याने ओळखपत्र दाखवलं आणि फक्त लिहायचं राहिलं, एवढं शपथेवर सांगा. मी यादीत दुरुस्ती करतो, सगळी मतं जागच्या जागी राहतात. नाहीतर नियमाप्रमाणे एक कागद न बघता उपसून बाद करावा लागेल, आणि तो कुणाचाही असेल. दाखवलं ना ओळखपत्र?"

हो म्हटलं की झालं. कुणाचं मत जाणार नाही, कुणाचं नुकसान नाही, गेलन काही नाही म्हणायला येणार नाही. एवढासा शब्द. मार्लिसने तोंड उघडलं आणि तिची नजर बर्निसवर गेली. बर्निस दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघत होती.

"नाही," मार्लिस म्हणाली. "मी मागितलंच नाही."

"ऑर्विलला मात्र मागितलंस," बर्निस म्हणाली.

"हो."

"शाळेपासून ओळखत होतीस त्याला."

"हो गं, बर्निस. ओळखत होते." मार्लिसला रडू आलं ते तिने आवरलं नाही. "चुकलं माझं. तेव्हा चुकलं की आता, तेच कळत नाहीये."

प्रूसच्या वकिलाने काहीतरी लिहून घेतलं, आणि मग दुसरा मार्ग उरला नाही. तीनशे तेरा मतपत्रिका उलट्या करून एका पेटीत टाकल्या, चांगल्या ढवळल्या. उपसायचं काम बर्निसकडे आलं. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मार्लिस मनातल्या मनात म्हणत होती, प्रूसचं येऊ दे, नाहीतर कोरं येऊ दे, निकाल आहे तसा राहू दे, बाई. ती देवाला म्हणत होती की बर्निसला, तिचं तिलाच कळत नव्हतं.

कागद उलटा केला. हॉगेनच्या नावापुढचं गोल नीट, काळंभोर, काठाबाहेर जराही न जाता भरलेलं होतं. कुणीतरी जीव लावून भरलं होतं.

"म्हणजे बरोबरी," ड्वेन हळूच म्हणाला. "सोमवारी चिठ्ठ्या टाकून ठरवू."

वकील एकाच वेळी बोलायला लागले. ड्वेनने तो कागद पाकिटात घालून चिकटवला आणि वर तारीख लिहिली. बर्निस मार्लिसशेजारून जाताना क्षणभर थांबली, तिच्या खांद्याला हात लावला आणि पुढे गेली. त्यात माफी होती की नुसता थकवा, हे काही मार्लिसला कळलं नाही.

बाहेर गेलनची पिकअप उभी होती. मागे मोठा थोरला हरणाचा नर पडलेला, शिंगांवर बर्फ.

"बघितलंस का? आठ टोकांच्या शिंगांचा!" तो खिडकीतून ओरडला. मग तिचा चेहरा बघून खाली उतरला. "काय झालं गं?"

तिने सगळं सांगितलं. भांडं, यादी, पेटी, बर्निसचा हात. तो टोपी काढून ऐकत राहिला. एरवी दोन वाक्यं झाली की मध्ये तोंड घालणारा माणूस.

"आणि तू मला दोन आठवडे सांगितलं नाहीस."

"तू गावभर केलं असतंस."

"केलं असतं," त्याने कबूल केलं. "म्हणजे माझ्यापायी एकाचं मत गेलं."

"तुझ्यापायी नाही रे, माझ्या. तुझं मत तरी मोजलं गेलं असेल, एवढंच समाधान."

गेलन टोपी हातात फिरवत राहिला. "मार्लिस, आमदारकीचं गोल मी भरलंच नव्हतं."

"काय?"

"रिकामं सोडलं. प्रूस मला पटत नाही, आणि त्या बाईची मला माहिती नाही. मग उगीच कशाला काळं करायचं? शेरीफचं भरलं, बाकीची भरली. ते तेवढं सोडलं."

मार्लिस गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. ज्या मतासाठी ती दोन आठवडे झुरली, ते मत नव्हतंच. आणि स्कारमध्ये कुणीतरी होतं, ज्याने सकाळी रांग लावली, नाव सांगितलं, ओळखपत्र दाखवलं, सही केली, आणि ते काळंभोर गोल भरून घरी गेलं. त्याचं मत पाकिटात होतं. आणि ते कुणाचं, हे त्यालाही कधी कळणार नव्हतं.

ती आत बसली. गेलनने गाडी सुरू केली.

"सरळ घरी चल," ती म्हणाली. "आणि गावातून जाताना कुणीही हात केला तरी थांबू नकोस."